स्ट्रॉबेरी मिल्कशेक दर वेळी पातळ होतो? नवा मिक्सर घेण्याआधी एवढं तपासा

आधी लक्षणं नीट ओळखा. "शेक बिघडला" एवढ्यावरून काही कळत नाही. नक्की काय बिघडलं, त्यावर उपाय ठरतो.

पातळ: मिक्सरच्या भांड्यात घट्ट दिसतो, ग्लासात ओतेपर्यंत दुधासारखा वाहायला लागतो. दोन-तीन मिनिटांत वर फेसाचा जाड थर आणि खाली फिकं गुलाबी दूध. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच. भाचीचा फोन आला आणि ती "मावशी, परत पाणी झालं गं" म्हणाली, की पुढचे प्रश्न मला पाठ आहेत.

कचकचीत: घट्ट आहे, पण दाताखाली बर्फ येतो. स्ट्रॉने ओढलं की गोड पाणी तेवढं वर येतं आणि ग्लासात बर्फाचा चुरा उरतो.

फाटलेला: ग्लासाच्या काचेला बारीक पांढरे कण चिकटलेले, तळाशी निवळ.

बेरंग: गुलाबीऐवजी राखाडी-जांभळट रंग, चवही फिकी.

वासाचा: कडवट किंवा चक्क लसणाचा.

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. फास्टफूडच्या दुकानातला शेक मिक्सरमध्ये होतच नाही. तिथल्या यंत्रात दूध, साखर, दुधाची पावडर आणि किंचित गोंदासारखा घटक असलेलं तयार मिश्रण ओततात. आतलं नळकांडं ते गोठवतं, फिरणारं पातं भिंतीला धरलेला थर सतत खरवडत राहतं आणि त्याच वेळी मिश्रणात हवा मिसळते. बाहेर येताना शेक उणे ३-४ अंशांच्या आसपास असतो, आणि त्यातले बर्फाचे कण जिभेला जाणवू नयेत इतके बारीक असतात. स्ट्रॉबेरीचं सिरप त्यात वेगळं मिसळलं जातं.

म्हणजे त्यांचं यंत्र गोठवतं आणि आपला मिक्सर तापवतो. पातं जितका वेळ फिरेल तितकी ऊब शेकमध्ये जाते. घरच्या शेकचा घट्टपणा मिक्सर आणत नाही. तो आइस्क्रीमबरोबर घरात येतो आणि आपल्या हातून कमी-जास्त वाया जातो. खालच्या सगळ्या तपासण्या तो कुठे वाया जातोय हे शोधण्यासाठीच आहेत.

तुलनेला एक प्रमाण समोर ठेवा. दोन ग्लासांसाठी व्हॅनिला आइस्क्रीम ३०० ग्रॅम, गार फुल क्रीम दूध १२० मिली, स्ट्रॉबेरीचं आटवलेलं सिरप ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ. वरून साखर नाही, बर्फ नाही.

१. दूध मोजलं का?

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. "अंदाजाने घातलं" असं ऐकलं की मी तिथेच थांबते. आइस्क्रीमचे दोन गोळे आणि ग्लासभर दूध हे थंड दूध झालं, शेक नाही. वजनात आइस्क्रीम दुधाच्या अडीच पट तरी हवं. मिक्सर फिरत नाही म्हणून वरून दूध ओतायची सवय सगळ्यांना असते. त्याऐवजी मिक्सर बंद करा, चमच्याने मिश्रण खाली ढकला आणि पुन्हा फिरवा.

२. दूध खरंच गार होतं का?

आपल्याकडे दूध तापवून ओट्यावर ठेवायची पद्धत. ते "गार झालं" म्हणजे खोलीइतकं झालं, साधारण ३० अंश. हे १२० मिली दूध ४ अंशांपर्यंत उतरताना जी उष्णता सोडतं, तिच्यात सुमारे ३५ ग्रॅम बर्फ वितळतो. तो बर्फ तुमच्या आइस्क्रीममधला असतो. बराच घट्टपणा इथेच जातो. तापवलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, साय काढून टाका (ती शेकमध्ये चिंध्यांसारखी येते) आणि घालायच्या आधी १५-२० मिनिटं फ्रीझरमध्ये सरकवा. सुटं दूध थंड हवं म्हणून न तापवता वापरू नका.

दुधाचा प्रकारही इथेच बघून घ्या. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. डबल टोन्डने शेक होतो, पण तोंडात पाणचट लागतो.

३. बर्फ घातलाय का?

घातला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, एकदा बिनबर्फाचा करून बघा. बर्फ म्हणजे उशिरा वितळणारं पाणी. तो असेपर्यंत कचकचतो आणि गेल्यावर शेक पातळ करून जातो. मिक्सरचं पातं बर्फ फोडतं, पण यंत्रासारखा मऊ करू शकत नाही. पातळ झाला म्हणून बर्फ, बर्फाने फिका झाला म्हणून साखर, साखरेने अजून पातळ, असा हा फेरा चालू राहतो.

४. भांडं, क्रम आणि वेळ

सकाळी चटणी वाटून धुतलेलं भांडं अजून कोमट असतं. भांडं आणि ग्लास दोन्ही १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. आधी सिरप आणि दूध एकत्र फिरवून घ्या, आइस्क्रीम शेवटी. त्यानंतर एकूण १५ ते २० सेकंद, तेही बटण उलटीकडे फिरवून थांबत थांबत. सलग मिनिटभर फिरवलंत तर आइस्क्रीममधली हवा निघून मोठे बुडबुडे होतात. वर जमणारा तो जाड फेस म्हणजे हेच. फेस जास्त असेल तर मिक्सर जास्त फिरला, हे डोळे मिटून समजा.

आइस्क्रीम फ्रीझरमधून काढून लगेच घातलं तर दगडासारखं असतं, मिक्सर अडकतो आणि मग जास्त फिरवावा लागतो. पाच मिनिटं बाहेर ठेवा. चमचा जोर लावून आत जाईल, इतपत मऊ पुरे.

आणि खरं सांगायचं तर मिक्सर लागतोच असं नाही. अमेरिकेत गोठवणारी यंत्रं सगळीकडे येण्याआधी शेक स्टीलच्या उंच पेल्यात, वरून सोडलेल्या फिरत्या दांडीने घुसळून होत. पुढे मॅक्डोनाल्डची साखळी उभी करणारा रे क्रॉक तेव्हा असलीच पाच दांड्यांची यंत्रं विकत फिरायचा. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला दोन मॅक्डोनाल्ड भावांच्या हॉटेलात अशी आठ यंत्रं आहेत हे कळल्यावर तो १९५४ मध्ये तिथे बघायला गेला. त्या दांडीत वाटणारी पाती नसतात, ती फक्त घुसळते. आपल्या घरात हे काम करणारी रवी आहेच. उंच स्टीलचा डबा फ्रीझरमध्ये गार करा, आइस्क्रीम, दूध आणि सिरप त्यात घाला आणि रवीने घुसळा. हात दुखतो, पण ऊब कमी जाते आणि फेसही बेताचा होतो. हँड ब्लेंडर असेल तर तो कमी वेगावर चालवा. ज्यांचा शेक काही केल्या जमत नाही त्यांना मी आधी रवी घ्यायला सांगते, कारण त्याने शेक सुधारला तर दोष मिक्सरच्या वापरात होता हे ताबडतोब कळतं.

५. डब्यावर काय लिहिलंय?

"आइस्क्रीम" आणि "फ्रोझन डेझर्ट" हे दोन वेगळे पदार्थ आहेत. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं आणि डब्यावर तसं लिहिलेलं असतं. फ्रोझन डेझर्ट वाईट नसतं, पण शेकमध्ये मागे तेलकट चव रेंगाळते.

त्याहून महत्त्वाचं वजन. आइस्क्रीम मिलीलिटरमध्ये विकतात आणि त्यात बरीच हवा असते. लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे असा नियम आहे. म्हणजे ७०० मिलीच्या फॅमिली पॅकमध्ये ३७० ग्रॅमच्या आसपास आइस्क्रीम असलं तरी ते नियमात बसतं. दोन डबे हातात घेऊन बघा, जड लागेल तो घ्या. हवा जास्त असलेलं आइस्क्रीम पात्याखाली बसतं आणि चार गोळ्यांचा ऐवज दोनाएवढा उरतो. गोळे मोजू नका, काट्यावर वजन करा.

६. स्ट्रॉबेरी कच्ची घातलीत का?

खरी मेख इथे आहे. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वाटीभर ताजी फळं वाटून घातली तर तुम्ही शेकमध्ये जवळजवळ वाटीभर पाणीच ओतलं. वर तिच्या बिया दातात येतात आणि आंबटपणा दुधाला लागतो तो वेगळाच.

म्हणून आटवायची. २५० ग्रॅम स्ट्रॉबेरी धुऊन, हिरवे देठ पूर्ण काढून, चिरून ७० ग्रॅम साखरेत अर्धा तास मुरू द्या. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी लाल रस सुटतो. मग मंद आचेवर ८ ते १० मिनिटं शिजवा. आधी फेसाळ, फिकट गुलाबी उकळी असते. ती बसून बुडबुडे मोठे, चकचकीत आणि सावकाश फुटायला लागले, चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला की गॅस बंद. चाळणीतून गाळा, चमच्याने दाबून गर काढा, बिया वर राहतील. हे फ्रीजमध्ये पूर्ण गार झाल्याशिवाय वापरायचं नाही. कोमट सिरप म्हणजे पुन्हा दुसऱ्या तपासणीतला घोटाळा.

गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे सिरप नुसतं चाखताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे. चिमूटभर मीठ का, तर त्याने फळाची चव वर येते. व्हॅनिला आइस्क्रीमच का, तर दुकानातल्या त्या ओळखीच्या चवीचा अर्धा भाग व्हॅनिलाच असतो. स्ट्रॉबेरी आइस्क्रीमनेही होतो, पण मग चव त्या कंपनीच्या इसेन्सची.

फळ निवडताना देठाजवळ पांढरा पट्टा असलेली स्ट्रॉबेरी टाळा. तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. "दोन दिवस ठेवल्या की पिकतील" हे आंब्याला ठीक. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण डब्यावरचं गावाचं नाव बघून आतल्या फळाची गोडी कळत नाही. वरच्या थराखालची फळं बघून घ्या. हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. संपत आला की पिकलेली, मऊ पडलेली फळं स्वस्त मिळतात. सिरपला तीच उत्तम.

बाजारातला स्ट्रॉबेरी क्रश वापरत असाल तर घटकांची यादी वाचा. त्यात साखर भरपूर असते आणि सहसा सायट्रिक आम्लही. ८० ग्रॅमच्या जागी ५० ने सुरुवात करा.

रंगाचं काय? स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबट द्रवात खुलतो. दुधात मिसळल्यावर आंबटपणा उतरतो आणि रंग जांभळट-राखाडीकडे झुकतो. तुमचं काही चुकलेलं नाही, फळाच्या रंगाचा तो स्वभावच. दुकानात बऱ्याचदा वरून रंग असतो. घरी सिरप शिजवताना बिटाची एक पातळ चकती टाका आणि गाळताना काढून घ्या. बिटाचा रंग दुधातही टिकतो. दोन चकत्या टाकल्यात तर मातीचा वास येईल.

७. फाटतोय का?

दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लता ४.६ पीएचपर्यंत आली की गोळा होतं (पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त). स्ट्रॉबेरी साधारण साडेतीन पीएचची. दूध गार असेल आणि फळ बेताचं असेल तर काही होत नाही. कोमट दूध, भरपूर फळ आणि तयार शेक तासभर ठेवून देणं, हे तिन्ही जमून आलं की कण दिसतातच. शिवाय दूध उतरणीला लागलेलं असेल तर आणखी लवकर. तपासायला तेच दूध नुसतं उकळून बघा. तिथेच नासलं तर स्ट्रॉबेरीला दोष देऊ नका. पाहुणे यायच्या आधी शेक करून ठेवू नका. सिरप, दूध, ग्लास सगळं गार करून ठेवा आणि घुसळायचं आयत्या वेळी.

स्ट्रॉबेरीबरोबर किवी किंवा अननस घालायची हौस असेल तर कडवटपणा तिथून येतो. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) दुधाची प्रथिनं तोडतात. नुसता कडवटपणा असेल तर देठाचा हिरवा भाग राहिला का ते बघा. लसणाच्या वासाला कारण बहुधा झाकणाची रबर. ती काढून गरम पाणी आणि सोड्यात भिजवा, नाहीतर नवी आणा. फार पैसे पडत नाहीत.

८. घट्टपणासाठी काही घालायचं का?

इथवर सगळं ठीक असेल तर लागत नाही. तरीही दुकानासारखा शेवटपर्यंत टिकणारा हवा असेल तर आधी दोन चमचे दुधाची पावडर घाला. पावडर गार दुधात आदल्या रात्रीच विरघळवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. त्यापुढची पायरी ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पावडर. एवढ्या शेकला एक अष्टमांश चमचा, आणि तीही कोरड्या साखरेत मिसळूनच, नाहीतर गोळे होतात. जास्त पडली तर शेक भेंडीसारखा बुळबुळीत होतो आणि तो दुरुस्त होत नाही. पिकलेल्या केळ्याचा सल्ला बरेच देतात. घट्ट होतो, पण मग तो केळ्याचा शेक झाला.

९. फ्रीझर

सगळं बरोबर करूनही पातळ होतोय? आइस्क्रीम रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी चमचा घाला. सहज आत गेला तर फ्रीझर पुरेसा गार नाही. उणे १८ अंशांना चमचा अडतो.

गंमत म्हणजे स्ट्रॉबेरीच्या हंगामातच हे जास्त होतं. थंडी पडली की लोक फ्रीजचा नॉब कमी करतात. एकदारी फ्रीजमध्ये खालचा भाग आणि फ्रीझर एकाच नॉबवर चालतात. खोली गार असल्याने कॉम्प्रेसर आधीच कमी वेळा सुरू होतो, त्यात नॉब कमी, आणि आइस्क्रीम मऊ पडतं. नॉब वाढवा, एक रात्र थांबा, पुन्हा चमचा घाला.

मग दाराची रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथून ऊब आत जातेय. रबर साबणाच्या पाण्याने पुसून पुन्हा बघा, बरेचदा चिकट घाणीमुळेच दार नीट बसत नाही. फ्रीझरच्या भिंतीला बोटभर बर्फ साचला असेल तर फ्रीज बंद करून वितळू द्या. सुरीने अजिबात खरवडू नका. आतली नळी फुटली की गॅस गेला.

झाकणाच्या आतून बर्फाचे स्फटिक आणि आइस्क्रीम डब्यात खाली बसलेलं, असं दिसलं तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलंय. वीज गेली असेल किंवा दुकानातूनच तसं आलं असेल. पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवून खाऊ नये, शेकसाठीही नाही.

१०. मिक्सर, आणि कुठे थांबायचं

मिक्सर मध्येच बंद पडला तर तळाचं लाल बटण बघा. ते जास्त भार आला की सुटतं. अर्धा तास गार होऊ द्या, बटण दाबा, भांड्यातला माल निम्मा करा. एकदा झालं तर ठीक. रिकामं भांडं फिरवतानाही सुटत असेल तर घरी खटपट बंद.

मोटर घुं घुं करते पण पातं फिरत नाही, अशा वेळी बहुधा खालचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांड्यातलं पातं जोडणारा तुकडा, झिजलेला असतो. दुरुस्तीच्या दुकानात तो थोडक्यात बदलून मिळतो. भांड्याच्या तळातून गळत असेल किंवा शेकमध्ये काळपट तेलकट थेंब दिसला तर तो शेक ओतून द्या आणि भांड्याचा बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) बदलून घ्या. जळका वास, धूर, हाताला झिणझिण्या यांपैकी काहीही जाणवलं तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा आणि थेट मेकॅनिककडे. मोटरमध्ये दूध गेलं असेल तर "वाळला की चालेल" म्हणून लावून बघू नका.

फ्रीजच्या बाबतीत नॉब, रबर आणि साचलेला बर्फ इथपर्यंतच आपलं काम. कॉम्प्रेसर अखंड चालतोय आणि तरी आइस्क्रीम मऊ, किंवा कॉम्प्रेसर टकटक करून बंद होतोय, तर तंत्रज्ञाला बोलवा. गॅस भरायला सांगण्याआधी गळती कुठे आहे ते त्याला शोधायला लावा. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा जातो.

प्यायल्यावर दर वेळी पोट फुगत असेल तर प्रमाण बदलत बसू नका. दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता असते, डॉक्टरांना विचारा. ओठ-जीभ खाजली किंवा अंगावर गांधी उठल्या तर स्ट्रॉबेरी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळला किंवा श्वास लागला तर वाट न बघता १०८ ला फोन करा.